सामाजिक संबंध व मर्त्यता

विवाह, नातेसंबंध, मैत्री आणि संघसंस्थांतील सहभाग यांचा व्यक्तीच्या आरोग्याशी व आयुर्मानाशी असलेला संबंध. माणसांत मिसळून राहणारा मनुष्य एकाकी मनुष्यापेक्षा सुखी असतो, ही समजूत सर्व समाजांत आढळते. परंतु तो अधिक काळ जगतो काय, आणि जगत असल्यास किती, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे मोजमापावर आधारलेले पहिले भक्कम उत्तर १९७७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सादर झालेल्या डॉक्टरेटच्या एका प्रबंधातून मिळाले. लिसा बर्कमन या विद्यार्थिनीने तो लेनर्ड साइम यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिला होता. त्यातील मुख्य निष्कर्ष दोघांच्या नावे १९७९ मध्ये साथरोगविज्ञानाच्या एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढील संशोधनाची दिशा त्यांनी ठरविली. या विषयाचे विवेचन करताना बव्हंशी या प्रबंधाचाच मागोवा घ्यावा लागतो. कारण त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोहोंतूनच नंतरचे बहुतेक प्रश्न उद्भवले आहेत.

पूर्वपीठिका : विवाहित व्यक्तींत मृत्यूचे प्रमाण अविवाहित व विधुर-विधवा यांच्यापेक्षा कमी असते, हे इंग्लंडमधील आकडेशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८५८ मध्ये फ्रान्सच्या लोकसंख्येवरून दाखविले होते. ⇨ एमील द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात, व्यक्ती समूहाशी जितकी बांधलेली तितकी ती आत्मनाशापासून सुरक्षित, असे प्रतिपादन केले. मात्र या दोघांच्या हाती होती ती प्रांतांची व वर्गांची एकत्रित आकडेवारी. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किती आप्त होते आणि पुढे तिचे काय झाले, हे त्यावरून कळणे शक्य नव्हते. शिवाय विवाहामुळे प्रकृती सुधारते, की मुळात सुदृढ असलेल्यांचेच विवाह होतात, ही शंकाही तशीच राहिली.

विसाव्या शतकाच्या मध्यास साथरोगविज्ञानाचे (रोगांचा लोकसमूहातील प्रसार व त्याची कारणे अभ्यासणाऱ्या शास्त्राचे) लक्ष तंबाखू, रक्तदाब आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांवर केंद्रित झाले. हे घटक महत्त्वाचे ठरले, तरी हृद्‌रोगाचा बराच भाग त्यांनी उलगडत नव्हता. दक्षिण आफ्रिकेत शिकलेले आणि नॉर्थ कॅरोलायना येथे अध्यापन करणारे जॉन कॅसल (१९२१–७६) यांनी १९७६ मध्ये एक व्यापक कल्पना मांडली. त्यांच्या मते सामाजिक परिस्थिती एखादा विशिष्ट रोग निर्माण करीत नाही. ती शरीराची एकंदर प्रतिकारक्षमता वाढविते किंवा घटविते. कोणता रोग होईल हे जंतू, आहार, आनुवंशिकता यांवर ठरेल. परंतु रोगाला बळी पडण्याची शक्यता मात्र माणसाच्या भोवतालच्या माणसांवर अवलंबून राहील.

साइम यांच्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याने, मायकेल मार्मट यांनी, या कल्पनेला प्रत्यक्ष पुरावा पुरविला. जपानमध्ये राहणाऱ्या जपानी पुरुषांत हृदयाच्या रोहिणीविकाराचे प्रमाण अत्यल्प असते. हवाई बेटांत स्थायिक झालेल्यांत ते वाढते आणि कॅलिफोर्नियात सर्वाधिक होते. वंश तोच असल्याने आनुवंशिकतेला दोष देता येत नाही. आहार बदलल्याने असे घडते, हे सोपे उत्तर होते. मार्मट व साइम यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील ३,८०९ जपानी वंशीय पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी जपानी भाषा, शेजार, मित्रमंडळ आणि रीतीभाती टिकविल्या होत्या, त्यांच्यात हा रोग जपानमधल्याइतकाच कमी आढळला. जे अमेरिकन जीवनपद्धतीत पुरते मिसळले होते, त्यांच्यात तो तीन ते पाच पट होता. आहार, धूम्रपान, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांतील फरक विचारात घेऊनही ही तफावत पुरती उलगडली नाही. परंतु ‘जपानी जीवनपद्धती’ ही अनेक गोष्टींची मोट आहे. तिच्यातील माणसामाणसांचे संबंध वेगळे काढून मोजणे, हे बर्कमन यांनी आपले काम मानले.

ॲलामीडा परगण्यातील अभ्यास : सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या पूर्व काठावर ॲलामीडा हा परगणा असून ओकलंड हे त्यातील प्रमुख शहर आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने लेस्टर ब्रेस्लो (१९१५–२०१२) यांच्या प्रेरणेने तेथे एक दीर्घकालीन पाहणी हाती घेतली. १९६५ मध्ये ६,९२८ प्रौढ व्यक्तींकडून एक विस्तृत प्रश्नावली भरून घेण्यात आली. ब्रेस्लो यांचा मुख्य उद्देश झोप, धूम्रपान, मद्यपान, व्यायाम, वजन अशा दैनंदिन सवयींचा आरोग्यावरील परिणाम तपासण्याचा होता. प्रश्नावलीत कुटुंब व मित्र यांविषयीचेही काही प्रश्न होते. नऊ वर्षांनी, म्हणजे १९७४ पर्यंत, त्यांपैकी कोण हयात राहिले आणि कोण मृत्यू पावले याचा मृत्यूच्या दाखल्यांवरून व अन्य मार्गांनी शोध घेण्यात आला.

म्हणजे बर्कमन यांनी स्वतः घरोघर जाऊन माहिती जमविली नव्हती. दुसऱ्याच हेतूने जमविलेल्या सामग्रीला त्यांनी नवा प्रश्न विचारला. संशोधक विद्यार्थ्याने नवी सामग्री गोळा केलीच पाहिजे, या आपल्याकडील विद्यापीठांतही रुजलेल्या समजुतीस हे एक चांगले उत्तर आहे.

त्यांनी ३० ते ६९ या वयोगटातील २,२२९ पुरुष व २,४९६ स्त्रिया निवडल्या आणि प्रत्येक व्यक्तीच्या संबंधांची चार अंगे पाहिली : विवाह, जवळचे मित्र व नातलग आणि त्यांच्याशी होणाऱ्या गाठीभेटी, चर्चचे सदस्यत्व, इतर औपचारिक व अनौपचारिक मंडळांतील सहभाग. या चारांवरून त्यांनी एक निर्देशांक तयार केला. त्यात विवाह व आप्तमित्र या जिव्हाळ्याच्या संबंधांना चर्च व मंडळे यांच्यापेक्षा अधिक भार दिला होता. निर्देशांकानुसार लोकांचे चार गट पडले. वयाचा फरक हिशेबातून वगळल्यावर असे दिसून आले की, सर्वांत कमी संबंध असलेल्या पुरुषांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असलेल्या पुरुषांच्या २·३ पट होते आणि स्त्रियांत ते २·८ पट होते. हा फरक केवळ दोन टोकांपुरता नव्हता. संबंध कमी होत जातील तसतशी मर्त्यता वाढत गेली होती.

दुसरा निष्कर्ष कमी परिचित असला तरी तितकाच लक्षणीय आहे. एका प्रकारच्या संबंधाची उणीव दुसऱ्या प्रकाराने बऱ्याच अंशी भरून निघते. अविवाहित परंतु पुष्कळ आप्तमित्र असलेल्या व्यक्तींची स्थिती, विवाहित परंतु मित्र-नातलगांशी फारसा संपर्क नसलेल्या व्यक्तींसारखीच होती. खरा धोका सर्वच बाजूंनी तुटलेल्यांना होता. तसेच मृत्यूचे कारण एकच नव्हते : हृद्‌रोग, कर्करोग, मेंदूतील व इतर रक्ताभिसरणाचे विकार अशा निरनिराळ्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत तोच कल दिसला. कॅसल यांची सर्वसाधारण प्रतिकारक्षमतेची कल्पना खरी असेल, तर नेमके असेच आढळावयास हवे होते.

आक्षेप व त्यांचे निरसन : या निष्कर्षांवर पहिला आक्षेप असा की, येथे कार्यकारणाची दिशा उलटी असू शकेल. आजारी मनुष्य हिंडूफिरू शकत नाही, त्याच्या गाठीभेटी कमी होतात, आणि तो लवकर मरतो तो आजारामुळे, एकाकीपणामुळे नव्हे. बर्कमन यांनी १९६५ मध्ये प्रत्येकाने आपल्या प्रकृतीविषयी दिलेली माहिती लक्षात घेऊन पुन्हा गणित केले. फरक कायम राहिला. याहून मार्मिक अशी दुसरी कसोटी होती. अगोदरच आजारी असलेल्यांमुळे हा फरक पडत असेल, तर मृत्यू प्रारंभीच्या एकदोन वर्षांत एकवटलेले असतील व पुढे तफावत नाहीशी होईल. तसे झाले नाही. नवव्या वर्षापर्यंत ती टिकून होती.

दुसरा आक्षेप गरिबीचा. गरीब मनुष्य अनेकदा एकाकीही असतो व लवकरही मरतो. तिसरा आक्षेप सवयींचा : एकट्या माणसाला ‘सिगारेट सोड’ किंवा ‘वैद्याकडे जा’ असे सांगणारे कोणी नसते. सामाजिक-आर्थिक स्तर, धूम्रपान, मद्यपान, स्थूलता, शारीरिक हालचाल आणि प्रतिबंधक वैद्यकीय सेवांचा वापर हे सर्व विचारात घेतल्यावर तफावत काहीशी कमी झाली, नाहीशी झाली नाही.

तरीही एका परगण्यातील एक अभ्यास सिद्धांताला पुरेसा नसतो. पुढील दहा वर्षांत मिशिगन राज्यातील टेकमसी, जॉर्जियातील एव्हान्स परगणा, स्वीडन व पूर्व फिनलंड येथे तशाच पाहण्या झाल्या. टेकमसी येथे लोकांची वैद्यकीय तपासणीही झालेली असल्याने, प्रकृतीविषयी केवळ त्यांच्या शब्दावर विसंबावे लागले नाही. निष्कर्षाची दिशा सर्वत्र तीच राहिली. मात्र काही ठिकाणी तो पुरुषांच्या बाबतीत ठळक व स्त्रियांच्या बाबतीत पुसट होता. १९८८ मध्ये जेम्स हाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्वांचा आढावा घेऊन, संबंधांचा अभाव हा धूम्रपानासारख्या मान्यताप्राप्त धोक्यांच्या पंक्तीत बसविण्याजोगा घटक आहे, असे मत नोंदविले. २०१० मध्ये ज्युलिअन होल्ट-लन्स्टॅड व सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील ३,०८,८४९ व्यक्तींची माहिती एकत्र केली. भक्कम संबंध असलेल्यांची हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक भरली. विशेष असे की, घरात एकटा राहतो की नाही एवढेच विचारणाऱ्या अभ्यासांत फरक सर्वांत अल्प होता आणि संबंधांची अनेक अंगे एकत्र मोजणाऱ्यांत तो सर्वाधिक होता. एकाकीपणा रोज अमुक इतक्या सिगारेटी ओढण्याइतका घातक असतो, असे वाक्य अलीकडे वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. ते या तुलनेचे सुलभीकरण आहे; तंबाखूच्या विषारीपणाचा पुरावा ज्या जातीचा आहे, त्या जातीचा पुरावा येथे नाही.

शरीरातील यंत्रणा : मैत्रीसारखी अमूर्त गोष्ट पेशींपर्यंत पोहोचते कशी, या प्रश्नाकडे प्रयोगशाळांनी लक्ष दिले. या दिशेने झालेल्या प्रयोगांत शेल्डन कोएन यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे केलेला, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सर्वांत बोलका आहे. १८ ते ५५ वर्षे वयाच्या २७६ निरोगी स्वयंसेवकांना, ते किती प्रकारच्या नात्यांत वावरतात, हे विचारण्यात आले : पती वा पत्नी, आईवडील, मुले, शेजारी, सहकारी, मित्र, मंडळाचे सभासद इत्यादी बारा प्रकार होते. त्यानंतर त्यांच्या नाकांत पडशाच्या विषाणूंचे थेंब घालून त्यांना काही दिवस इतरांपासून अलग ठेवण्यात आले. म्हणजे जंतूंचा मारा सर्वांवर सारखाच झाला. फरक होता तो शरीराच्या उत्तरात. तीन किंवा त्याहून कमी प्रकारची नाती असलेल्यांना पडसे होण्याची शक्यता, सहा किंवा अधिक प्रकारची नाती असलेल्यांच्या ४·२ पट ठरली. एकूण ओळखीच्या माणसांच्या संख्येपेक्षा नात्यांच्या वैविध्याचे महत्त्व अधिक होते. ज्याचे माणसांशी येणेजाणे अधिक त्याला संसर्गही अधिक, ही व्यवहारातील अपेक्षा येथे उलटी ठरली.

ताणाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथीतून (मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथीतून) कॉर्टिसॉल हे हॉर्मोन स्रवते. प्रसंग टळल्यावर ते ओसरावे, अशी शरीराची रचना आहे. ताण दीर्घकाळ चालू राहिल्यास प्रतिरक्षा यंत्रणेचे नियमन बिघडते, रक्तदाब वाढतो आणि शोथाची (दाहाची) प्रक्रिया रेंगाळते. जवळचे माणूस हा ताण सोसण्यास बळ देते, असे एक स्पष्टीकरण आहे. परंतु सारा व्यवहार ताणाच्या द्वारेच होतो, असे मानण्याचे कारण नाही. वेळेवर दवाखान्यात नेणारे, पैसे उसने देणारे, नोकरीची वार्ता सांगणारे माणूस असणे हाही संबंधांचाच परिणाम होय. केन्यातील आंबोसेली येथील बबून माकडांत, इतर माद्यांशी अधिक मिळून-मिसळून असणाऱ्या माद्यांची पिले जगण्याचे प्रमाण अधिक असल्याचे २००३ मध्ये दिसून आले. तेव्हा हा प्रकार केवळ मानवी संस्कृतीची निर्मिती नसावा.

संबंधांचा भार : ॲलामीडा निर्देशांकाचा मोठा दोष हा की तो संबंध मोजतो, तोलत नाही. विवाहाला एक गुण मिळतो. तो विवाह सुखाचा असो वा छळाचा. नंतरच्या संशोधनाने हा दोष उघड केला. कोएन यांच्या त्याच स्वयंसेवकांपैकी ज्यांच्या आयुष्यात महिना किंवा अधिक काळ चाललेला नात्यांतील तंटा होता, त्यांना पडशाची बाधा होण्याची शक्यता वाढलेली आढळली. ओहायओ येथील जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम करून ती भरण्याचा काळ मोजला. शुश्रूषा करणाऱ्यांच्या जखमेला सुमारे नऊ दिवस अधिक लागले. २००५ मध्ये त्यांनीच ४२ दांपत्यांवर केलेल्या प्रयोगात, परस्परांशी वैरभावाने बोलणाऱ्या दांपत्यांच्या जखमा संथपणे भरत असल्याचे दाखविले.

आजाऱ्याच्या दृष्टीने जो संबंध आधार असतो, तोच शुश्रूषा करणाऱ्याच्या दृष्टीने भार असू शकतो, आणि जगात बहुतेक ठिकाणी हा भार स्त्रीवर पडतो. विवाहाचा लाभ पुरुषांना अधिक व स्त्रियांना कमी होतो, या वारंवार आढळणाऱ्या निष्कर्षाचा एक अर्थ येथे लागतो. सामाजिक संबंधांची थोरवी गाणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा झाकली जाते.

उपचाराचा प्रयत्न : संबंधांचा अभाव मारक असेल, तर संबंध पुरविल्याने प्राण वाचावयास हवेत. याची परीक्षा अमेरिकेत एका मोठ्या चिकित्सालयीन प्रयोगात झाली. तिचा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रमुख लेखिका बर्कमन याच होत्या. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले २,४८१ रुग्ण त्यात होते. ते खिन्नतेने ग्रस्त होते किंवा आपल्याला कोणाचा आधार नाही असे त्यांना वाटत होते. यदृच्छ निवडीने निम्म्यांना नेहमीचे उपचार व निम्म्यांना त्यांच्या जोडीला मानसोपचार देण्यात आले. विचारांची व वागण्याची वळणे बदलून खिन्नता घटविणे आणि आधाराची जाणीव वाढविणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. खिन्नता घटली, आधाराची जाणीव वाढली; परंतु सरासरी २९ महिन्यांनंतर मृत्यू किंवा दुसरा झटका यांचे प्रमाण एका गटात २४·२ व दुसऱ्यात २४·१ टक्के, म्हणजे सारखेच, राहिले.

या निकालाचे अर्थ निरनिराळे लावले गेले आहेत. उपचार फार उशिरा सुरू झाला, दोन गटांतील आधाराचा फरक अल्प होता, असे समर्थन केले जाते व त्यात तथ्य आहे. प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटणारा अर्थ असा की, चाळीस-पन्नास वर्षांच्या सहवासातून घडलेले संबंधजाल ही काही महिन्यांत देता येण्याजोगी मात्रा नव्हे. उपचारकाने दिलेला आधार आणि वीस वर्षांच्या शेजाऱ्याने दिलेला आधार यांना एकच नाव असले, तरी ती एकच वस्तू नाही. संबंधांचे आरोग्याशी असलेले नाते दृढ आहे, एवढे निश्चित. ते हेतुपुरस्सर निर्माण करून मर्त्यता घटविता येते, हे मात्र अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे. शासनांनी त्यासाठी थांबणे पसंत केलेले नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एकेका मंत्र्याकडे सोपविली. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाच्या २०२५ मधील अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीस एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाकाठी सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. अशा अंदाजांत प्रत्येक संबंध हे कारणच आहे असे गृहीत धरलेले असते, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

भारतातील स्थिती : ॲलामीडाची मोजपट्टी आहे तशी भारतात लावता येत नाही. चर्चच्या सदस्यत्वाऐवजी भजनीमंडळ किंवा वारी घालावी, इतका हा प्रश्न सोपा नाही. कॅलिफोर्नियात मित्र निवडले जातात, सोडलेही जातात. भारतीय खेड्यात बहुतेक संबंध जन्माने व विवाहाने येतात आणि त्यांतून बाहेर पडण्याची मोकळीक फार थोडी असते. विधवांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मार्था चेन व झाँ द्रेझ यांनी १९९० च्या दशकात ग्रामीण भारतातील विधवांविषयी केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की, दीर-भावजया व भाऊ याच गावात किंवा जवळपास असूनही त्यांच्याकडून प्रत्यक्षात मिळणारी मदत अत्यल्प असते; अनेक विधवांची चूल वेगळी असते आणि आधार असलाच तर तो मुलांचा. निर्देशांकाच्या रकान्यात अशा स्त्रीला भरपूर नातलग असलेली म्हणून चांगले गुण पडतील. भारतीय पाहणीत म्हणून ‘किती नातलग?’ यापेक्षा ‘अडीअडचणीला कोण आले?’ आणि ‘घरात तुमचे कोण ऐकते?’ हे प्रश्न अधिक उपयोगी होत.

अशा प्रश्नांची दीर्घकालीन सामग्री आता जमू लागली आहे. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी वार्धक्याविषयीची एक राष्ट्रीय अनुगामी पाहणी हाती घेतली. तिची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या ७२,००० हून अधिक व्यक्तींचे राहणीमान, कुटुंब, सामाजिक सहभाग व प्रकृती यांची नोंद तीत झाली आहे. त्याच व्यक्तींकडे पुनःपुन्हा जाण्याची तिची योजना असल्याने, कोण आधी एकाकी होता व कोण आधी आजारी होता, हा बर्कमन यांना नऊ वर्षांच्या मृत्यूंच्या क्रमावरून सोडवावा लागलेला प्रश्न येथे अधिक थेटपणे सोडविता येईल. दक्षिण आफ्रिकेतील अगिन्कोर्ट या ग्रामीण भागात ४० वर्षे व त्यावरील ५,०५९ व्यक्तींची अशीच एक पाहणी बर्कमन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. एड्सच्या साथीत कर्ती पिढी गमावून नातवंडांचा सांभाळ करणारी घरे तेथे आहेत, आणि त्या घरांतील वृद्धांचे संबंधजाल ॲलामीडाच्या चार अंगांपैकी एकातही पुरते बसत नाही.